विकतचा जॉब

गेल्या सोमवारी हापिसात गेलो तेव्हा डाव्या हाताच्या अंगठ्याला बँडेज होतं. स्टँडअपमध्ये कामाचं राहिलं बाजूला, आधी त्याचीच चौकशी.

"काय रे, गाडीवरून पडलास?"

"नाही, पटाशी लागली."

"कोण लागली?"

आता काय सांगणार! पटाशी म्हणजे चिझल, सुतार लाकूड तासायला वापरतात ते, आणि ते माझ्या हातात काय करत होतं, तर मी गेलं दीड वर्ष शनिवार-रविवारी सुतारकाम शिकतोय... इथपर्यंत येईस्तोवर आमचा स्क्रम मास्टर घड्याळाकडे बघायला लागला होता. शेवटी शेजारच्याने निष्कर्ष काढला, "म्हणजे तू फर्निचर करतोस! मला एक टीव्ही युनिट करून दे की."

नाही हो मंडळी. दीड वर्षात मी जे काही धड बनवलंय ते बुटाच्या एका खोक्यात मावेल. आज त्याचीच गोष्ट.

गोष्ट सुरू होते अकरा वर्षांपूर्वी, इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला. ज्यांनी हे दिव्य केलंय त्यांना आठवत असेल, पहिल्या वर्षी वर्कशॉप नावाचा एक प्रकार असतो. पुढे तुम्ही कॉम्प्युटर घ्या, सिव्हिल घ्या नाहीतर इलेक्ट्रॉनिक्स, एप्रन घालून फिटिंग आणि कार्पेंट्री सगळ्यांच्याच नशिबी. प्रत्येकाने एकेक 'जॉब' करून द्यायचा. कार्पेंट्रीत आमच्या वाट्याला हाफ लॅप जॉइंट आला होता. म्हणजे दोन पट्ट्या घ्यायच्या, दोघींची जाडी एका जागी निम्मी करायची आणि एकीत एक बसवायची. वरून हात फिरवला तर कुठे सांधा आहे ते कळता कामा नये. ऐकायला एकदम सोपं.

माझी पहिलीच करवत रेषा सोडून भलतीकडे गेली. दुसरी पट्टी मागितली तर सरांनी असं बघितलं की तिसरी मागायची हिंमत झाली नाही. तेव्हा एका सीनियरने मार्ग दाखवला. वर्कशॉपच्या कोपऱ्यात मामा बसायचे. (आमच्याकडे लॅबमधल्या, वर्कशॉपमधल्या सगळ्या कर्मचाऱ्यांना मामाच म्हणायचे.) मामांकडे शंभर रुपये द्यायचे आणि मंगळवारी संध्याकाळी जॉब घेऊन यायचा. बस्स. निम्मा वर्ग तेच करत होता. मीही केलं. मला पंचवीसपैकी बावीस मिळाले. तीन गेले ते जर्नल अपुरं होतं म्हणून.

हे सगळं तिथेच संपायचं. पण दिवाळीच्या सुट्टीत घरी साताऱ्याला जाताना तो जॉब बॅगेत राहिला. आईने बॅग उपसली आणि तो हातात घेऊन विचारलं, "हे तू केलंस?"

मी खोटं बोललो नाही. गप्प बसलो. आईला तेवढं पुरेसं होतं.

तेव्हापासून तो जॉब आमच्या शोकेसमध्ये आहे. काचेचा ताजमहाल, बाबांना रिटायर होताना मिळालेलं घड्याळ आणि मध्ये माझा हाफ लॅप जॉइंट. घरी येणाऱ्या प्रत्येकाला तो दाखवून झालाय. "कॉम्प्युटरवाला आहे, पण हातात कला आहे हो." पुढे मला नोकरी लागली, ऑनसाईट जाऊन आलो, पगार वाढले, पण आईच्या लेखी माझ्या हाताने झालेली वस्तू म्हणजे ती एकच.

परवाच्या नव्हे, त्याच्या आदल्या दिवाळीत मामेभावाचा मुलगा आला होता, सहावीतला. तो शोकेस उघडून जॉब उलटासुलटा करून बघत बसला. मग म्हणाला, "काका, यात खिळा नाहीये. मग कसं जोडलंय? मला करून दाखव ना."

"इथे हत्यारं नाहीत रे," मी म्हणालो.

"मग पुण्यात करू. मी सुट्टीत येतो."

परतताना खंबाटकीचा घाट येईपर्यंत ठरवून टाकलं होतं. एक जॉइंट. फक्त एक. स्वतः करायचा.

मग काय, बोहरी आळीत गेलो. एक करवत, एक गुण्या, तीन पटाश्या, एक लोखंडी रंधा, मार्किंग गेज आणि दोन सी क्लॅम्प. बिल बघून वाटलं यात चार जॉइंट नाही, चाळीस विकत आले असते. लाकडासाठी भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटला गेलो. दुकानदाराने विचारलं, "साग? किती घनफूट?" मी म्हटलं, "दोन फूट." "दोन घनफूट?" "नाही, नुसते फूट." त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं, कोपऱ्यातल्या तुकड्यांच्या ढिगाकडे बोट दाखवलं आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळले.

गॅलरीत जुनं डायनिंग टेबल टाकून वर्कशॉप थाटलं. यूट्यूबवर पॉल सेलर्स नावाचे एक इंग्लिश आजोबा आहेत, ते फार शांतपणे हाताच्या हत्यारांनी काम करून दाखवतात. त्यांचे व्हिडिओ रात्री दोन-दोन वाजेपर्यंत बघितले. बघताना सगळं कळतं. करायला घेतलं की हाताला काहीच माहीत नसतं. पहिला जॉइंट इतका सैल झाला की उचलताच सुटला. दुसऱ्यात एक पट्टी दुसरीच्या वर दोन मिलिमीटर उभी राहिली. तिसऱ्यात रंध्याने सागाचा कपचाच उपटला. चौथ्याला खालच्या काकू वर आल्या आणि रविवारी दुपारी ठोकाठोक करू नकोस म्हणून सांगून गेल्या.

याच सुमारास सोसायटीत एका फ्लॅटचं काम निघालं आणि तिथे मिस्त्री भेटले. वय पंचावन्नच्या आसपास. दिवसभर प्लायवूड कापायचं, सनमायका चिकटवायचा, कडेला पट्टी मारायची, चाललंय. मी भीत भीत माझा चौथा नमुना दाखवला. त्यांनी तो हातात घेतला, डोळ्यासमोर धरला आणि विचारलं, "हे कशानं तोडलं? दातानं?"

मी म्हटलं, शिकवाल का? रविवारी सकाळी. अर्ध्या दिवसाची हजेरी देईन.

मिस्त्री हसायलाच लागले. "लोक मला पैशे देत्यात ते काम मी करावं म्हणून. तुम्ही पैशे देणार आणि काम पण तुम्हीच करणार?"

पण आले. पहिल्या रविवारी हत्यारांची पिशवी उघडली तर वर ड्रिल मशीन, कटर आणि तळाशी फडक्यात गुंडाळलेला एक लाकडी रंधा. वडिलांचा. "आता कोण मारतंय रंधा," म्हणाले, "पण टाकवत नाही."

पहिले दोन रविवार आम्ही लाकडाला हातच लावला नाही. फक्त धार. मला वाटायचं, नवीन पटाशी आणली म्हणजे ती धारदार असणार. साफ चूक. दुकानातून येते ती पटाशी नसते, पटाशीचा कच्चा माल असतो. पंचवीस-तीस अंशांत धरून दगडावर घासायची, मागची बाजू आरशासारखी सपाट करायची, मग मनगटावरचे केस निघतात का बघायचे. माझ्या डाव्या हाताला महिनाभर केस नव्हते. सागात वाळूचा अंश म्हणजे सिलिका असते, त्यामुळे धार लवकर मरते आणि तेच सगळं पुन्हा पुन्हा करावं लागतं. "धार नसली की जोर लागतो, जोर लावला की हात सुटतो, हात सुटला की रक्त," मिस्त्रींचं एका वाक्यातलं सेफ्टी ट्रेनिंग. दुसरा नियम, दोन्ही हात कायम धारेच्या मागे.

मग आखणी. मी आपला व्हर्नियर काढून पट्टीची जाडी मोजली, तीस मिलिमीटर, म्हणून पंधरावर रेषा मारायला निघालो. मिस्त्रींनी व्हर्नियर बाजूला ठेवला. "मोजायचं न्हाई. ठेवायचं." म्हणजे रुंदी घ्यायची तर टेपने मोजायची नाही, दुसरी पट्टीच त्या जागी आडवी ठेवायची आणि तिच्या कडेने सुरीने खूण करायची. आणि निम्म्या जाडीसाठी मार्किंग गेज एकदाच लावायचा आणि दोन्ही पट्ट्यांवर वरच्याच अंगाने ओढायचा. एकीचा रेषेवरचा भाग काढायचा, दुसरीचा खालचा. मग गेज पंधराऐवजी चौदावर असला तरी काही बिघडत नाही. एकीत चौदाचा खड्डा, दुसरीची चौदाची जीभ. वरून सपाट.

मी दोन मिनिटं गप्प झालो. आमच्याकडे आकडे हार्डकोड करू नका, एकाच जागेवरून घ्या, हे नवीन पोरांना सांगायला मी पीपीटी करतो. यांनी ते चौथी पास होऊन चाळीस वर्षांपूर्वी गुंडाळून खिशात ठेवलंय!

करवतीचंही तसंच. पातं स्वतःच दीडेक मिलिमीटर लाकूड खातं. म्हणून रेषेवर कापायचं नाही, रेषेला लागून टाकाऊ बाजूला कापायचं आणि रेषा शिल्लक ठेवायची. अकरा वर्षांपूर्वी मला हे कुणी सांगितलं होतं की नव्हतं, आठवत नाही. सांगितलं असलं तरी मी ऐकलं नव्हतं, कारण शंभर रुपये खिशात होते.

एकदा मिस्त्रींना म्हटलं, मला जरा उशीरच झाला नाही का? ते म्हणाले, "झालाच. तेराव्या वर्षी मामानं मला रंध्याला लावला. तुमचा हात आता बसायला वेळ लागणार." म्हणून मी जमवून ठेवलेला माल बाहेर काढला. जिमी कार्टर १९८१ मध्ये व्हाईट हाऊसमधून बाहेर पडले तेव्हा सहकाऱ्यांनी त्यांना निरोपाची भेट म्हणून सुतारकामाची हत्यारं दिली. वय ५६. पुढे त्यांनी घरातलं कितीतरी फर्निचर स्वतः केलं. दुसरे जॉर्ज नाकाशिमा. यांची गोष्ट मला जास्त भिडते. अमेरिकेत जन्मलेला जपानी वंशाचा माणूस, १९३० ला एमआयटीतून आर्किटेक्चरची मास्टर्स डिग्री, मग पाँडिचेरीला अरविंद आश्रमाच्या गोलकोंड इमारतीच्या बांधकामावर देखरेख. परत गेल्यावर १९४२ मध्ये बायको आणि तान्ह्या मुलीसकट सरकारने त्यांना आयडाहोमधल्या मिनिडोका छावणीत डांबलं, गुन्हा एवढाच की ते जपानी वंशाचे. फर्निचर ते आधीही करायचे, पण त्या छावणीत गेन्तारो हिकोगावा नावाचे जपानी पद्धतीत तयार झालेले सुतार भेटले आणि भंगार लाकडावर नाकाशिमा त्यांच्या हाताखाली नव्याने शिकले. वय ३७, डिग्री एमआयटीची. पुढे विसाव्या शतकातल्या मोठ्या फर्निचर कारागिरांत त्यांचं नाव आलं आणि १९६४ मध्ये ते अहमदाबादच्या एनआयडीतही काम करून गेले.

मिस्त्रींनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "चांगलं हाय. पण साहेब, एक सांगू? तुम्ही आत्ता हा सातवा तुकडा खराब केला. काय झालं? फोटो काढला आणि हसला. आम्ही खराब केला तर लाकूड गिऱ्हाइकाचं असायचं. मामाचा हात आधी गालावर, मग त्या दिवसाचं जेवण बंद. मला सुतारकाम आवडतं का नाही, हे मला अजून ठाऊक नाही. कुणी इचारलंच नाही."

यावर काय बोलायचं? मी छंद म्हणून जे करतोय त्यातली गंमत लाकडात नाही, चुकायची मुभा असण्यात आहे, हे मला तोवर लक्षातच आलं नव्हतं. सातवा तुकडा वाया गेला तरी एक तारखेला पगार जमा होतो. आठवड्याभराच्या मीटिंगांनंतर दोन तास हाताला भुसा लागला की डोकं शांत होतं, हे खरंच आहे. पण ती शांतता माझ्या पगाराने विकत घेतलेली असते. मिस्त्रींचा मुलगा बीसीए करतोय. एका रविवारी तो वडिलांना सोडायला आला होता. गाडीवरून उतरलासुद्धा नाही. "ह्याला तुमच्या कंपनीत चिकटवा कुठंतरी," मिस्त्री म्हणाले. मी त्याचा रेझ्युमे पुढे पाठवलाय. बघू.

त्याच दिवशी मी त्यांना मोबाईलवर शोकेसमधल्या जॉबचा फोटो दाखवला. कुणाचा ते सांगितलं नाही. त्यांनी दोन बोटांनी फोटो मोठा केला आणि कितीतरी वेळ बघत राहिले. "हा हात मुरलेला हाय. करवतीवरच सोडलाय बघा, पटाशी जवळजवळ मारलेलीच नाही. कुणाचं काम?"

मग सगळं सांगितलं. मला वाटलं हसतील. ते एवढंच म्हणाले, "शंभर रुपये घेऊन करून दिला. शिकवा म्हटलं असतं, तर त्यानं शिकवलं पण असतं."

पुढचं थोडक्यात सांगतो. सहावा जॉइंट मे महिन्यात सैल होता, तो जुलैत घट्ट झाला. मी खूश! पण दिवाळीनंतर पुन्हा सैल. लाकूड दमट हवेत आडवं फुगतं आणि कोरड्या हवेत आकसतं, लांबीत मात्र फारसं बदलत नाही. म्हणजे पावसाने माझा बग तात्पुरता फिक्स केला होता, इतकंच :) भाच्याने उन्हाळ्यात येऊन नववा अर्धा केला आणि त्याची करवत माझ्याहून सरळ चालते. अकरावा जॉइंट मिस्त्रींनी हातात घेतला, अंगठा फिरवला आणि म्हणाले, "चालंल." याहून मोठं अप्रेझल मला आजवर मिळालेलं नाही.

गेल्या महिन्यात तो घेऊन साताऱ्याला गेलो. रात्री जेवणं झाल्यावर शोकेसमधला जॉब काढला आणि दोन्ही आईसमोर ठेवले.

"हा दुसरा जरा वाकडा झालाय नाही रे?" आई म्हणाली.

"तो मी केलाय. पहिला मी केलेला नाही."

बाबांनी टीव्हीचा आवाज कमी केला. मी सगळं सांगितलं. मामा, शंभर रुपये, बावीस मार्क. आई रागावेल असं वाटलं होतं. ती काहीच बोलली नाही. जुना जॉब हातात घेऊन बसली. मग म्हणाली, "मग एवढी वर्षं मी पुसत होते ते कुणाचं?"

"वर्कशॉपमधल्या मामांचं."

"नाव काय त्यांचं?"

मंडळी, मला नाव माहीत नाही. त्या रात्री वर्गातल्या चार जणांना मेसेज केले. चौघांनीही मामांकडूनच जॉब घेतला होता. चौघांनाही शंभर रुपये आठवतात, कोपरा आठवतो, मामा तंबाखू मळत बसायचे ते आठवतं. नाव एकालाही माहीत नाही. कॉलेजच्या वेबसाईटवर सगळ्या प्राध्यापकांचे फोटो आणि पब्लिकेशन्स आहेत, वर्कशॉपच्या कर्मचाऱ्यांचं काही नाही. पुढच्या महिन्यात एक दिवस सुट्टी टाकून जाऊन बघणार आहे. अकरा वर्षांत रिटायर झाले असतील, नसतीलही.

सकाळी उठलो तर शोकेसमध्ये दोन्ही जॉब शेजारी शेजारी ठेवलेले. मी म्हटलं, "आई, जुना काढून टाकू का?" ती म्हणाली, "कशाला? इतका सुरेख झालाय. राहू दे." आणि मग, "एवढं येतंय तर देवापुढे बसायला पाट करून दे. जुना डगडगतो."

तर असो. सध्या पाटाचं काम चालू आहे. दोन फळ्या, खाली दोन आडव्या पट्ट्या. त्याच पट्टीवर गेल्या रविवारी घाई केली, धार लावायचा कंटाळा केला, जोर लावला, हात सुटला आणि अंगठा पटाशीच्या पुढे होता. तीन टाके. मिस्त्रींना फोन करून सांगितलं तर म्हणाले, "आता बसंल हात."

टाके गुरुवारी निघाले. शनिवारी सकाळी पहिल्यांदा धार लावणार आहे. काकू, दुपारी ठोकाठोक नाही, शब्द देतो.